खते जळाली, भाव पडूनच राहिला



आम्ही शिरूर-दौंडकडचे. १८७४ साली शिरूर तालुक्यातल्या करड्याने सावकारावर बहिष्कार टाकला. न्हावी, पाणक्या, घरगडी कुणीच त्याच्याकडे जाईना. १२ मे १८७५ ला भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात कर्जखते जळाली. आमच्या लोकांचा राग माणसांपेक्षा कागदांवर होता.

ही वेळ का आली? अमेरिकेतल्या यादवीने (१८६१-६५) इथला कापूस चढला, कर्ज सहज मिळू लागले. लढाई संपली, भाव कोसळला; सरकारने सारा मात्र वाढवला.

१८७९ च्या कायद्याने खतामागचा हिशेब कोर्ट तपासू लागले. पिकाच्या भावाचा हिशेब कुणी तपासला नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: कर्जमाफी घ्या, पण कापूस-ज्वारीचा उत्पादन खर्च भरून निघेपर्यंत मागणी सोडू नका. नाहीतर खत पुन्हा लिहिले जाईल.