एक बेट, दोन देश

(महोत्सवानिमित्त भरलेल्या व्याख्यानमालेंत वाचलेलें भाषण)



विषय कोणताहि चालेल, असें चिटणिसांनीं कळविलें होतें. विषय शोधीत असतां आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली. २०१० सालच्या जानेवारींत हैती देशांत मोठा धरणीकंप झाला, तेव्हां आम्ही आपल्या आळींत झोळी घेऊन फिरलों होतों. एका सधन वाडीवाल्यांनीं झोळींत पैसे टाकले, परंतु टाकतां टाकतां विचारलें, "त्याच बेटावर पलीकडे दुसरा देश आहे ना? तोहि आपल्याच धर्माचा. तो खाऊनपिऊन सुखी, आणि हे सदा भिकारी. मग दोष कोणाचा?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. पैसे घेतले आणि पुढच्या घरीं गेलों. तें उत्तर देण्याचा आज यत्न करितों.

हें बेट कोठें आहे तें प्रथम सांगितलें पाहिजे. कॅरिबियन समुद्रांत क्यूबाच्या पूर्वेस हिस्पॅनिओला नांवाचें बेट आहे. आकार महाराष्ट्राच्या सुमारें चौथ्या हिश्शाइतका. त्याचा पश्चिमेकडील सुमारें २७,७५० चौरस किलोमीटरांचा भाग म्हणजे हैती. उरलेला सुमारें ४८,६७० चौरस किलोमीटरांचा भाग म्हणजे डोमिनिकन प्रजासत्ताक. लोकसंख्या मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखी, एक कोटीच्या थोडी वर. म्हणजे हैतीच्या माणसाच्या वांट्यास जमीन बरीच कमी, आणि तीहि बहुतेक डोंगराळ. शिवाय पूर्वेकडून येणारे वारे आपला बराचसा पाऊस डोमिनिकन बाजूसच पाडतात, आणि सिबाओचें प्रसिद्ध सुपीक खोरेंहि तिकडेच. तेव्हां "एकच बेट" हें म्हणणें प्रारंभींच अर्धेंमुर्धें ठरतें. तथापि सगळा दोष पावसाच्या माथीं मारून आम्हांस घरीं जातां येणार नाहीं.

दोघांची आजची स्थिति पाहा. डोमिनिकन मनुष्य सरासरीनें सुमारें ७४ वर्षें जगतो, हैतीचा सुमारें ६४. दहा वर्षांचें हें अंतर समुद्र ओलांडल्यावर पडत नाहीं. कित्येक ठिकाणीं एक लहानशी नदी ओलांडल्यावर पडतें. डोमिनिकन देशांत २०२३ सालीं एक कोटीहून अधिक परदेशी पाहुणे येऊन गेले. हैतीच्या राजधानींत, पोर्तोप्रँस येथें, २०२४ च्या मार्चांत सशस्त्र टोळ्यांनीं मुख्य तुरुंग फोडला आणि पुढें पंतप्रधानांस पद सोडावें लागलें. इकडे स्वयंपाक गॅसवर होतो, तिकडे बहुतांशीं लाकडावर आणि कोळशावर. ही गोष्ट दिसते तितकी लहान नाहीं, तिच्याकडे आम्ही पुन्हां येऊं. परंतु एक आंकडा लक्षांत ठेवावा. १९६० सालीं या दोन देशांचें दरडोई उत्पन्न सारखें होतें. २००५ पर्यंत डोमिनिकन लोकांचें तिप्पट झालें आणि हैतीचें निम्म्यावर आलें. हैतीस देवाचा शाप आहे असें ज्यांस म्हणावयाचें असेल, त्यांनीं तो शाप नेमका १९६० नंतरच कां बाधला, हें सांगितलें पाहिजे.

मग १९६० पूर्वीं दोन्ही घरें सारखींच होतीं काय? उत्पन्न सारखें होतें. घराखालचा पाया मात्र सारखा नव्हता. त्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

१६९७ च्या तहानंतर बेटाचा पश्चिम भाग स्पेनकडून फ्रान्सकडे गेला. फ्रेंचांनीं तेथें उंसाचे व कॉफीचे मळे लाविले, आणि शंभर वर्षांच्या आंत ती जगांतील सर्वांत किफायतशीर वसाहत झाली. ही किफायत कोणाच्या जिवावर? १७८९ च्या सुमारास तेथें जवळजवळ पांच लाख आफ्रिकन गुलाम होते. आणि ते मळ्यांत इतक्या वेगानें मरत कीं, नवीं जहाजें भरभरून माणसें आणल्याशिवाय संख्या टिकत नसे. १७९१ सालीं हे गुलाम उठले. तूसँ लूव्हेर्त्यूर हा त्यांचा पुढारी फ्रान्सच्या तुरुंगांत मेला, पण नेपोलियनची फौज हरली, आणि १ जानेवारी १८०४ रोजीं हैती स्वतंत्र झाला. गुलामांनीं स्वतःच्या हातानें बेड्या तोडून राष्ट्र उभें केल्याचें दुसरें उदाहरण इतिहासांत नाहीं. सूडाच्या भरांत उरलेल्या फ्रेंचांची कत्तलहि त्यांनीं केली; तें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

आतां खरी गोष्ट ऐका. १८२५ सालीं फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स यानें लढाऊ जहाजें पाठवून हैतीस कळविलें कीं, तुमचें स्वातंत्र्य आम्ही मान्य करितों, मात्र १५ कोटी फ्रँक भरा. कशाबद्दल? फ्रेंच धन्यांची जी मालमत्ता बुडाली तिच्याबद्दल. आणि त्या मालमत्तेंत हीं माणसेंहि आलीं. ज्यानें आपली मान जोखडांतून सोडविली, त्यानेंच त्या मानेची किंमत धन्यास चुकती करावयाची! पहिला हप्ता भरण्यासाठीं पॅरिसच्याच पेढीवाल्यांकडून कर्ज काढावें लागलें. १८३८ सालीं एकूण रक्कम ९ कोटींवर आणली गेली, परंतु कर्जावर कर्ज चढतच राहिलें. कुळाच्या दारीं सावकार बसला म्हणजे काय होतें, हें आम्हां कोंकणपट्टींतल्या लोकांस समजावून सांगावयास नको. कॉफी पिकविणाऱ्या शेतकऱ्यावरचा कर फ्रान्सकडे जाई. शाळा, रस्ता, दवाखाना यांस कांहीं उरत नसे. या ऋणाचा शेवटचा पैसा फिटला १९४७ सालीं. ज्या वर्षीं आपला देश स्वतंत्र झाला, त्या वर्षीं हैती आपल्या १८०४ च्या स्वातंत्र्याचें मोल देऊन मोकळा झाला.

डोमिनिकन लोकांवर असें ओझें पडलें नाहीं. उलट १८२२ ते १८४४ हैतीनेंच त्यांच्यावर राज्य केलें, आणि त्यांचा स्वातंत्र्यदिन, २७ फेब्रुवारी, हा हैतीपासून सुटल्याचा दिवस आहे. दोन शेजाऱ्यांत जो कडवटपणा आहे त्याचें एक मूळ येथें आहे.

आतां चुलीकडे येऊं. हैतीच्या डोंगरांवरील झाडें प्रथम फ्रेंचांनीं मळ्यांसाठीं तोडलीं. पुढें इमारती लाकूड परदेशीं गेलें. आणि ज्याच्याजवळ कांहीं उरलें नव्हतें त्या शेतकऱ्यानें उरलेलें झाड कोळशासाठीं तोडलें, कारण मूल आजारी पडलें किंवा पीक गेलें, तर रोकड पैसा देणारी वस्तु तेवढी एकच होती. तो मूर्ख नव्हता. डोंगर उघडा पडला कीं माती वाहून जाते, हें त्याला आपल्यापेक्षां अधिक चांगलें ठाऊक होतें. पण माती पुढच्या वर्षीं वाहून जाणार होती आणि औषध आज हवें होतें. पलीकडे डोमिनिकन अध्यक्ष बालागेर यांनीं १९६७ सालीं व्यापारी जंगलतोड बंद केली व पहाऱ्यास लष्कर नेमलें. पुढें सरकारनें स्वयंपाकाचा गॅस स्वस्त केला, म्हणून गृहिणीस कोळशाची गरज उरली नाहीं. बालागेर हे कांहीं साधुपुरुष नव्हते. त्यांच्या राज्यांत विरोधकांचे पुष्कळ हाल झाले. परंतु झाड वांचवावयाचें तर आधीं चूल बदलली पाहिजे, हें त्या सरकारास समजलें. आज आकाशांतून घेतलेल्या चित्रांत सरहद्दीची रेघ कित्येक ठिकाणीं शाईनें काढल्यासारखी दिसते: एका अंगास हिरवी, दुसऱ्या अंगास करडी.

राज्यकर्तेहि पाहावे. डोमिनिकन देशांत त्रूहियो यानें १९३० ते १९६१, आणि हैतींत दुव्हालिए बापलेकांनीं १९५७ ते १९८६ जुलूम केला. तिघेहि चोर. पण त्रूहियोनें सारा देश म्हणजे आपलीच वाडी समजून तिला पाणी तरी घातलें. रस्ते व कारखाने मागें राहिले. दुव्हालिए यांनीं वाडीचें कुंपणसुद्धां विकून खाल्लें. शिकलेले लोक देश सोडून गेले. आज परदेशीं गेलेल्या हैतीवासीयांनीं घरीं धाडलेला पैसा हाच राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारें पांचव्या हिश्शाइतका आहे. पोप दुसरे जॉन पॉल १९८३ च्या मार्चांत तेथें गेले, तेव्हां दुव्हालिएच्या समक्ष त्यांनीं सांगितलें कीं, येथें बदल झाला पाहिजे. तीन वर्षांनीं तो पळाला.

बाहेरच्यांच्या उपकारांचीहि गंमत आहे. १९९५ सालीं परदेशी सल्ल्यावरून हैतीनें तांदळावरील जकात ३ टक्क्यांवर आणली. अमेरिकेचा स्वस्त तांदूळ आला, शहरी लोकांस दोन दिवस बरें वाटलें, आणि आर्तिबोनीत खोऱ्यांतला भातशेतकरी उठला. ज्यांच्या कारकीर्दींत हें झालें त्या अध्यक्ष क्लिंटन यांनीं २०१० सालीं ही आपली चूक असल्याचें जाहीरपणें कबूल केलें. शेतकऱ्यास मात्र त्याचें शेत परत मिळालें नाहीं.

येथवर डोमिनिकन देश आम्हीं शहाण्या भावासारखा रंगविला. त्याच्या राष्ट्रध्वजावर क्रूस आहे आणि उघडलेलें पवित्र शास्त्रहि आहे. परंतु त्याच्या उंसाच्या मळ्यांत ऊंस तोडणारे हात गेल्या शतकापासून बहुतांशीं हैतीचे आहेत. १९३७ च्या ऑक्टोबरांत त्रूहियोच्या हुकुमानें सरहद्दीवरच्या हजारों हैतीवासीयांची कत्तल झाली. २०१३ सालीं तेथील घटना-न्यायालयानें असा निकाल दिला कीं, १९२९ नंतर तेथेंच जन्मलेल्या परंतु परवान्याशिवाय आलेल्या परदेशी आईबापांच्या मुलांस नागरिकत्व नाहीं. एका रात्रींत नाती-पणतूंपर्यंतचीं माणसें कोणत्याच देशाचीं उरलीं नाहींत. पुढच्या वर्षींच्या कायद्यानें त्यांतील कांहींचीच सोय लागली. आणि आठवण करून द्यावीशी वाटते कीं, याच देशाच्या राजधानींत, सांतो दोमिंगो येथें, १५११ च्या आगमनकाळांत आंतोनिओ मोंतेसिनोस या डोमिनिकन संघाच्या धर्मगुरूंनीं व्यासपीठावरून वसाहतवाल्यांस विचारलें होतें कीं, या लोकांस राबविण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला? ऐकणारे चिडले. प्रश्न मळ्यांतून अजून हललेला नाहीं.

झोळींत पैसे टाकणारे ते गृहस्थ आज हयात नाहींत. असते तर आम्हीं त्यांस, अत्यंत नम्रतेनें, एवढेंच विचारलें असतें कीं, आपल्या वाडींत पाणी शिंपणारा व केळीचे घड उतरविणारा माणूस डोंगरपट्टींतून येतो. त्याचें घर आणि आपलें घर यांतहि एक ओढाच आहे ना? तो गरीब कां, याचें उत्तर आपण काय देतां? हा प्रश्न त्यांना विचारण्यापूर्वीं स्वतःस विचारावयास आम्हांस बरींच वर्षें लागलीं, हेंहि सांगितलें पाहिजे.

धरणीकंपाविषयीं थोडेंच सांगतों. १२ जानेवारी २०१० रोजीं राजधानीचें मुख्य मंदिर कोसळलें आणि आर्चबिशप जोसेफ सेर्ज मियो हे मृत्यु पावले. मदतीस प्रथम धांवून आले ते डोमिनिकन लोकच. त्यांच्या गाड्या अन्न घेऊन आल्या, त्यांच्या इस्पितळांनीं जखमी घेतले. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणींतील घाण नदींत गेली आणि पटकीची सांथ पसरली. सुमारें दहा हजार माणसें दगावलीं. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणिसांनीं क्षमा मागितली ती २०१६ च्या डिसेंबरांत.

सरहद्दीवर दाहाबोन गांवीं नदीकांठीं सोमवारीं व शुक्रवारीं मोठा बाजार भरे. हैतीच्या बाया डोक्यावर गांठोडीं घेऊन पूल ओलांडीत. २०२३ च्या ऑगस्टअखेर पलीकडील हैतीच्या शेतकऱ्यांनीं याच नदीवरच्या पाटाचें बंद पडलेलें काम स्वतःच्या हातीं घेतलें. सरकार जवळजवळ नव्हतेंच. वर्गणी गोळा झाली, परदेशीं गेलेल्यांनीं पैसे धाडले, लोक पहारी व फावडीं घेऊन आले. डोमिनिकन सरकारनें हरकत घेतली आणि १५ सप्टेंबर रोजीं सारी सरहद्द बंद केली. दाहाबोनचा बाजार ओस पडला. तेथल्या व्यापाऱ्यांचा माल पडून राहिला. पुढच्या महिन्यांत डोमिनिकन बाजूनें व्यापारासाठीं फाटक पुन्हां उघडलें, तेव्हां पलीकडच्यांनीं आपल्या बाजूचें फाटक बराच काळ बंदच ठेवलें, आणि पाट खणणें चालूं ठेवलें.