चित्रातला नवरा, चित्रातली नवरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी "तुम्हीही दोन शब्द बोलाच" असा आग्रह धरला म्हणून मी उभी राहिले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा व्याख्यानाची अपेक्षा करू नये. परंतु मागच्या हळदीकुंकवाला ज्या विषयावरून हशा पिकला, त्यावर थोडे बोलावे असे मनात आले. हल्लीच्या काही मुली जपानी कार्टूनमधल्या नायकाचे चित्र उशाशी ठेवतात, त्याचा वाढदिवस करतात आणि "लग्न करीन तर अशाशीच" म्हणतात. मुलगेही तसेच. हसू येते खरे; पण विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

जपानात ही गोष्ट जुनी आहे. १९९४ साली तिकडे मुलींसाठी 'अँजेलिक' नावाचा खेळ निघाला. चित्रातल्या राजबिंड्या पुरुषांशी प्रेम जुळवायचे, असा तो खेळ. आणि तो रचणाऱ्या बायकाच होत्या! पुढे २००७ साली साप्पोरो शहरातल्या एका कंपनीने हात्सुने मिकू आणली. हिरव्या-निळ्या केसांची ही सोळा वर्षांची मुलगी केवळ चित्रातली. संगणकावर आपण शब्द आणि चाल द्यायची, ती गाते. आवाज मात्र साकी फुजिता या हाडामांसाच्या बाईचा घेतलेला.

नोव्हेंबर २०१८ मध्ये टोकियोत, शाळेत कारकुनी करणाऱ्या पस्तीस वर्षांच्या एका गृहस्थाने या मिकूशी लग्न लावले. खर्च वीस लाख येन, पाहुणे चाळीसेक. नवरीच्या जागी कापडी बाहुली होती. अंगठी तिच्या मनगटात घातली. कायदा हे लग्न मानीत नाही. त्याची आई लग्नाला आली नाही. पूर्वीच्या नोकरीत त्याचा इतका छळ झाला होता की त्याचे मन खचले. त्या दिवसांत मिकूच्या गाण्यांनी आपल्याला सावरले, असे तो सांगतो. घरी काचेच्या नळकांड्यासारख्या यंत्रात ती दिसे आणि त्याच्याशी चार शब्द बोले. मार्च २०२० मध्ये कंपनीने ती सोय बंद केली आणि तिचे बोलणे थांबले. तरी तो तिला पत्नीच मानीत राहिला.

भगिनींनो, यातून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की, दुखावलेले मन जिथे दुखत नाही तिथे टेकते. चित्र टोमणा मारत नाही, पगार विचारत नाही, रंग सावळा म्हणून नकार कळवीत नाही. आपल्या मुलींना पाहायला येणारे काय काय विचारतात, हे मी सांगायला नको. मग त्या पोरीला चित्रातला बरा वाटला, तर त्यात नवल ते काय?

दुसरी गोष्ट अशी की, चित्र तापात कपाळावर घडी ठेवीत नाही. त्याची किल्ली दुकानदाराच्या हाती. त्याने दुकान बंद केले की संसार संपला. हे मुलांना कळले पाहिजे, पण ते प्रेमाने सांगितले तरच कळेल.

म्हणून माझी विनंती एवढीच. चित्र फाडू नका, चारचौघींत थट्टा करू नका. भाजी निवडताना शेजारी बसवून विचारा, "याच्यात तुला काय गं आवडतं?" ती म्हणाली, "तो कधी ओरडत नाही," तर आपल्या घरात ओरडणे किती होते हे ओळखावे. बहुतेक मुलांना चित्र आणि माणूस यांतला फरक चांगला कळतो. त्यांची काळजी नको. पण खाणेपिणे, अभ्यास, मैत्रिणी सगळेच सुटू लागले, तर लाज न बाळगता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

त्या टोकियोच्या लग्नात आईची जागा रिकामी राहिली. तिलाही दुःख झाले असेल. मी तिला दोष देत नाही. पण आपल्या मुलांच्या मनातले आपल्याला आधी कळावे, बातमीतून कळू नये, असे मात्र मला फार वाटते.