घशातला खडा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीपासून दुष्काळापर्यंत अनेक थोर विषयांचा ऊहापोह होत असतो. त्या पंक्तीत आमचा आजचा विषय मांडावयाचा म्हणजे पक्वान्नाच्या ताटात काढ्याची वाटी ठेवण्यासारखे आहे, हे आम्ही जाणून आहो. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला. कारण एकच: ह्याविषयी कोणी बोलत नाही. मधुमेहाचे आकडे लोक लग्नाच्या मांडवात एकमेकांस मोठ्याने विचारतात. गुडघेदुखीवर तर बागेतल्या बाकावर परिसंवाद होतात. परंतु ‘माझ्या घशातून पांढरे, घाणेरड्या वासाचे खडे पडतात’ हे वाक्य माणूस सख्ख्या भावाजवळही काढीत नाही. दवाखान्यात येतो तो सर्दीचे निमित्त करून. औषध लिहून होते, पैसे देऊन होतात, माणूस दारापर्यंत जातो, आणि मग परत फिरून खिशातली कागदाची पुडी हळूच टेबलावर ठेवतो. पुडीत तांदळाच्या कणीएवढा पिवळट खडा असतो. ‘डॉक्टर, हे काय आहे?’ हा प्रश्न त्याने कित्येकदा दोन-दोन, तीन-तीन वर्षे पोटात ठेवलेला असतो. तेवढ्या काळात त्याने लोकांशी बोलताना तोंडापुढे हात धरण्याची सवय लावून घेतलेली असते, आणि मनाशी कर्करोगाची खूणगाठही बांधलेली असते.

तर हा खडा म्हणजे काय, ते प्रथम पाहू. आरशासमोर उभे राहून, उजेड तोंडात पडेल अशा बेताने ‘आ’ केला, की मधोमध लोंबते ती पडजीभ. आपल्याकडे पडजीभ आणि टॉन्सिल ह्यांची फार गल्लत होते. टॉन्सिल म्हणजे पडजिभेच्या दोन्ही बाजूंस, दोन कमानींच्या मधल्या कोनाड्यात बसलेल्या बदामाएवढ्या गाठी. नाकामागे आणि जिभेच्या मुळाशी अशाच जातीचा गाठीसारखा भाग असतो. हे सारे मिळून घशाच्या तोंडाशी एक कडे होते. वाल्डेयर ह्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून ते आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. नाकातोंडावाटे आत शिरणाऱ्या जंतूंची पहिली ओळख शरीराला करून द्यावयाची, हे ह्या कड्याचे काम.

आता बंद झालेल्या जकात नाक्यांची ज्यांना आठवण असेल त्यांना पुढची गोष्ट चटकन् कळेल. माल तपासावयाचा तर तो थोडा वेळ थांबवून धरावा लागतो, आणि खिडक्या जितक्या अधिक तितकी तपासणी अधिक. टॉन्सिलचा पृष्ठभाग म्हणूनच गुळगुळीत नसतो. प्रत्येक गाठीत साधारण दहा ते वीस खोल बिळे असतात. ती आत जाऊन झाडाच्या मुळांसारखी फुटतात. ह्या बिळांच्या भिंतींशी शरीराचे रक्षक दबा धरून बसलेले असतात. रचना मोठी चतुर आहे, परंतु नाका म्हटला की तुंबणे आलेच. घशाच्या अस्तराच्या झडलेल्या पेशी, अन्नाचे बारीक कण, शेंबूड आणि लाळ हे सारे त्या बिळांत उतरते. बीळ उथळ असेल तर गिळताना ते आपोआप बाहेर पिळून निघते व पोटात जाते. आपणां सर्वांच्या बाबतीत हे रोज घडत असते. बीळ खोल आणि तोंडाशी अरुंद असेल, तर माल आत अडकतो. त्यावर जंतू वस्ती करतात, लाळेतले चुन्याचे क्षार हळूहळू बसू लागतात, आणि खडा तयार होतो.

खडा हा शब्द थोडा फसवा आहे. मूतखडा किंवा पित्ताचा खडा म्हटला की टणक वस्तू डोळ्यांपुढे येते. घशातला खडा पुष्कळदा पनीरासारखा मऊ असतो. क्षार अधिक बसले तरच कठीण होतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अशा खड्यांची सूक्ष्म तपासणी केली, तेव्हा तो मृत दगड नसून दातांवरच्या किटणासारखी जंतूंची जिवंत, थराथरांची वसाहत आहे असे आढळले. बाहेरच्या थरातले जंतू प्राणवायू वापरून टाकतात, आणि आत प्राणवायूवाचून जगणाऱ्या जंतूंची सोय होते. हेच आतले जंतू प्रथिने कुजवून गंधकयुक्त वायू सोडतात. त्यांतला एक सडक्या अंड्याच्या वासाचा, दुसरा कुजक्या कोबीच्या. पुडी उघडल्यावर डॉक्टरसुद्धा मान मागे घेतो त्याचे कारण हे.

येथे एक गोष्ट आम्ही ठासून सांगणार आहो. खडा होणे हा अस्वच्छतेचा दाखला नव्हे. दिवसातून तीनदा दात घासणाऱ्या माणसाला खडे होतात आणि आठवड्यातून एकदा घासणाऱ्याला होत नाहीत, असे आम्ही पाहिले आहे. बिळांची घडण ज्याची त्याची. लहानपणी ज्यांचा घसा वरचेवर सुजला, त्यांच्या टॉन्सिलवर वण पडून बिळे अधिक वाकडीतिकडी होतात. ज्यांच्या नाकामागून सारखा शेंबूड घशात उतरतो, जे तोंडाने श्वास घेतात आणि ज्यांचे तोंड कोरडे पडते, त्यांना त्रास अधिक. लहान मुलांपेक्षा मोठ्या माणसांत हे खडे जास्त आढळतात. कित्येकांना तर ते आहेत ह्याचा पत्ताही नसतो. दाताच्या क्ष-किरण चित्रात पांढरा ठिपका दिसतो तेव्हा कळते.

ज्यांना त्रास होतो त्यांची तक्रार ठराविक असते. घशात एका बाजूस काहीतरी टोचते, गिळले तरी जात नाही. खोकल्याची ढास लागते. आणि कान दुखतो! कान तपासावा तर निर्मळ. घसा आणि कानाचा आतला भाग ह्यांच्या संवेदना एकाच मज्जातंतूवाटे, मेंदूतून निघणाऱ्या नवव्या जोडीच्या तंतूवाटे जातात. त्यामुळे घशाचे गाऱ्हाणे कानाच्या नावावर लागते.

वासाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. तोंडाला येणाऱ्या वासाचे मूळ बहुतेक वेळा तोंडातच, म्हणजे जिभेच्या मागच्या भागावरचा थर आणि हिरड्या ह्यांत असते. टॉन्सिलचा वाटा त्या मानाने लहान. म्हणून खडा सापडला की सारा दोष त्याच्यावर लादू नये. आधी दंतवैद्याकडे जावे. दुसरे असे, की स्वतःच्या श्वासाचा वास स्वतःला नीट कळत नाही, नाक सरावते. घरातल्या विश्वासाच्या माणसाला सरळ विचारावे. ‘येत नाही’ असे उत्तर आले तर त्यावर विश्वास ठेवावा. वास नसतानाही आपल्या तोंडाला वास येतो ह्या धास्तीने लोकांत मिसळणे सोडलेली माणसे आम्हांला ठाऊक आहेत. त्यांचे दुःख खरे असते, परंतु त्यावरचा उपाय घशात नसतो.

आता उपाय. पहिला उपाय आपल्या घरातलाच आहे. आयुर्वेदाने दिनचर्येत कवल आणि गंडूष सांगितले. द्रव तोंडात घोळवावयाचा तो कवल. तोंड गच्च भरून स्थिर धरावयाचा तो गंडूष. सुश्रुताने टाळूच्या रोगांत ‘तुंडिकेरी’ नावाची सूज वर्णिली आहे. आजचे वैद्य टॉन्सिलची सूज ती हीच असे मानतात. खड्यांच्या बाबतीत आमचे सांगणे साधे: पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, आणि जेवणानंतर मान मागे टाकून खळखळून गुळण्या. नुसती चूळ भरून थुंकल्याने पाणी त्या कोनाड्यात पोचत नाही. रात्री जिभेवरचा थर काढावा, दिवसा पाणी पुरेसे प्यावे. नाकाचा आजार असेल तर त्याची दवा घ्यावी, कारण वरची गळती थांबल्याशिवाय खालचे तळघर कोरडे होत नाही. बाजारात मिळणारी तोंड धुण्याची औषधे काही दिवस वापरण्यास हरकत नाही. क्लोरहेक्सिडीनचे औषध मात्र फार दिवस वापरले तर दातांवर तपकिरी डाग पडतात.

दिसणारा खडा काढावा का? सहज निघत असेल तर काढावा. दातांच्या फटी धुण्यासाठी पाण्याची बारीक धार सोडणारे यंत्र मिळते, त्याची धार अगदी मंद ठेवून बाजूने मारली तर खडा निघून येतो. ओल्या कापसाच्या बोळ्याने गाठीच्या बुडाशी हलके दाबले तरी चालते. परंतु लोक काय काय वापरतात हे ऐकाल तर अंगावर काटा येईल. केसांची पिन, आगपेटीची काडी, दात कोरण्याची कोरणी, आणि एका बाईंनी तर स्वेटर विणावयाची सुई! ह्या गाठीत रक्तवाहिन्या भरपूर आहेत, आणि तिच्या मागे बाहेरच्या अंगास, मोठ्या माणसात सुमारे दोन-अडीच सेंटिमीटरवर, मेंदूकडे रक्त नेणारी मोठी धमनी आहे. तेथे अणकुचीदार वस्तू चालविणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. खडा निघत नसेल तर राहू द्यावा. तो बहुधा आपण होऊन पडतो. गिळला गेला तरी काही बिघडत नाही.

जंतुनाशक गोळ्यांविषयी थोडक्यात सांगतो. त्यांनी चार दिवस बरे वाटते, आणि बिळे जागच्या जागी असल्याने खडे पुन्हा होतात. ताप आणि गिळवत नाही इतकी सूज असेल तर गोष्ट वेगळी. तो टॉन्सिलदाह, खड्यांचा आजार नव्हे.

गुळण्यांनी भागत नाही, खडे महिन्यातून चार वेळा होतात आणि माणूस कंटाळतो, तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार येतो. त्यात मधला मार्ग असा, की लेसर किरणांनी अथवा कोब्लेशन नावाच्या मंद उष्णतेच्या साधनाने बिळांची तोंडे रुंद व सपाट करावयाची, म्हणजे माल अडकणार नाही. न घाबरता बसू शकणाऱ्या मोठ्या माणसात हे घसा बधिर करूनही करता येते. कधी ते पुन्हा करावे लागते. आणि शेवटचा मार्ग म्हणजे गाठीच काढून टाकणे. गाठ गेली की बीळ गेले आणि खडाही गेला. ह्या उपायाच्या यशाविषयी शंका नाही. शंका असते ती त्याच्या गरजेविषयी.

ह्या शस्त्रक्रियेचा इतिहास फार जुना आहे. पहिल्या शतकातल्या सेल्सस ह्या रोमन ग्रंथकाराने बोटाने गाठ सोडवून काढण्याची रीत लिहून ठेविली आहे. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती, हे लक्षात घ्यावे. १८२८ च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या फिजिक नावाच्या शस्त्रवैद्याने टॉन्सिल छाटण्याचे खास हत्यार बनविले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तर युरोप-अमेरिकेत ही शस्त्रक्रिया म्हणजे मुलांचे जावळ काढण्याइतकी साधी बाब झाली. १९३४ साली न्यूयॉर्कमधल्या अकरा वर्षांच्या १,००० शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ मुले डॉक्टरांना दाखविली. त्यांनी १७४ मुलांना शस्त्रक्रिया सांगितली. ज्यांना नको म्हटले ती २१५ मुले दुसऱ्या डॉक्टरांपुढे उभी केली. त्यांनी ९९ निवडली. राहिलेली ११६ तिसऱ्यांदा दाखविली, तर आणखी ५१ निवडली गेली. हजारातून फक्त ६५ मुले सुटली! प्रत्येक फेरीत डॉक्टर जवळजवळ निम्मी मुले निवडीत होते, मग पुढे उभी असलेली मुले कोणतीही असोत. आमच्या व्यवसायातली ही हकीकत आम्ही येथे सांगतो ती हसण्यासाठी नव्हे. तुमच्यापैकी कोणाला उद्या शस्त्रक्रिया सुचविली गेली तर ‘का?’ असे विचारण्याचा तुमचा हक्क आहे, आणि सांगणाऱ्याने कारण सांगितलेच पाहिजे.

वारंवार घसा सुजणाऱ्या मुलांसाठी आता मोजमाप ठरलेले आहे: एका वर्षात सात वेळा, किंवा लागोपाठ दोन वर्षे दरसाल पाच वेळा, किंवा तीन वर्षे दरसाल तीन वेळा. खड्यांसाठी असा आकडा नाही. खडे जिवावर बेतत नाहीत. तेव्हा त्रास किती आणि किंमत किती, हा हिशेब रोग्यानेच मांडावयाचा आहे. किंमत काय ती ऐका. मोठ्या माणसाला ही शस्त्रक्रिया मुलांपेक्षा जड जाते. दहा ते चौदा दिवस गिळताना कळवळावे लागते, कानही दुखतो. जखमेवर पांढरा पापुद्रा येतो. लोक त्याला पू समजून घाबरतात, तो पू नव्हे. हा पापुद्रा सुटतो तेव्हा, म्हणजे पाचव्या ते दहाव्या दिवसांच्या दरम्यान, काहींना रक्तस्राव होतो. शंभरात दोन ते पाच जणांच्या बाबतीत हे घडते. थुंकीत ताजे लाल रक्त दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मऊ भात, गार दूध आणि भरपूर पाणी हे पथ्य. दुखते म्हणून न गिळणारा रोगी उशिरा बरा होतो. गाठ गेल्याने शरीर उघडे पडेल ही भीती मात्र मोठ्या माणसाने बाळगू नये. कड्यातले बाकीचे पहारेकरी जागेवर असतात.

एका गोष्टीत मात्र दिरंगाई चालणार नाही. टॉन्सिल एकाच बाजूचे वाढत चालले आहे, हाताला कठीण लागते, त्यावर न भरणारी जखम आहे, थुंकीत रक्त येते, मानेत गाठ आली आहे किंवा वजन उतरत आहे, ह्यांतले काहीही दिसले तर खडा-खडा म्हणून गुळण्या करीत बसू नये. तंबाखू, विडी, मिश्री ह्यांची सवय असेल तर तीन आठवडे थांबणेही जास्त. घशाच्या डॉक्टरांना दाखवून गरज वाटल्यास तुकडा काढून तपासावा.

आमचा वेळ संपत आला आहे. कार्यकर्ते आता कागदाच्या चिठ्ठ्या घेऊन रांगांतून फिरतील. ह्या विषयावर उभे राहून प्रश्न विचारणे अवघड जाते, हे आम्ही जाणतो. तेव्हा चिठ्ठीवर नाव घालण्याचे कारण नाही. फक्त वय, त्रास किती दिवसांचा, आणि एका बाजूस की दोन्ही, एवढे लिहावे.