पहिलं बाळ ठणठणीत, दुसरं का गेलं?



संयोजकांनी पत्रिकेवर विषय छापलाय तो भारदस्त आहे : ‘रोगप्रतिकारशक्ती, वार आणि गर्भारपण’. मी मात्र एका जुन्या दुखण्यापासून सुरुवात करतो. पहिलं बाळंतपण सुखरूप होतं, बाळ गुटगुटीत. दुसरं बाळ जन्मल्यावर काही तासांतच पिवळं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी जातं. तिसरं पोटातच जातं. हा क्रम आपल्याकडच्या जुन्या बायकांना पाठ आहे आणि त्याला दिली जाणारी उत्तरंही पाठ आहेत. बाहेरची बाधा, सटवाईचा कोप, सुनेचा पायगुण. मग अंगारा, नवस, देवऋषी, आणि एवढ्यानं भागलं नाही की मुलाचं दुसरं लग्न. खरं कारण नवरा-बायकोच्या रक्तगटात असायचं. ते वैद्यकाला कळून आता ऐंशी वर्षं उलटून गेली, तरी फाट्यावरून आत गेलेल्या एखाद्या वाडीत अजूनही पायगुणाचीच चर्चा चालते, म्हणून हा विषय.

आधी वारेकडे बघू. आपल्याकडे वार पडली की बाळंतीण सुटली म्हणतात, आणि वार पुरून टाकतात. पण दवाखान्यात पुरण्याआधी, फेकण्याआधी सिस्टर ती ट्रेमध्ये पसरून नीट बघते. साधारण अर्ध्या किलोचा, ताटलीएवढा गोल मांसल गोळा. बाळाकडची बाजू चकचकीत, निळसर, नाळेतून फुटलेल्या शिरा चहूकडे पसरलेल्या. आईकडची बाजू गडद लाल, खडबडीत, पंधरा-वीस खणांची. एखादा खण कमी दिसला तर तो तुकडा आत राहिलाय आणि रक्त थांबणार नाही, हे तिला लगेच कळतं. वाढलेल्या बीपीच्या बाईची वार बहुतेकदा लहान असते, आणि तिच्यात पांढरट, निबर झालेले डाग दिसतात. तिथं रक्त पोचलेलं नसतं. बाळ का बारीक राहिलं याचं उत्तर अनेकदा त्या ट्रेमध्येच पडलेलं असतं.

ही वार कुणाची? आईची नव्हे, बाळाची. बाळाच्याच पेशींपासून ती घडते, म्हणजे तिच्यात अर्धा वारसा बापाचा. आता विचार करा. बायकोला नवऱ्याची कातडी किंवा मूत्रपिंड नुसतं बसवून दिलं, तर तिचं शरीर ते परकं म्हणून काही दिवसांत नाकारेल. मग नवऱ्याच्या अर्ध्या खुणा अंगावर घेऊन आलेलं बाळ ती नऊ महिने कसं सांभाळते? हा प्रश्न १९५३ साली पीटर मेडावार या शास्त्रज्ञानं नीट मांडला. पुढे १९६० साली त्यांना नोबेल मिळालं. त्या काळी वाटायचं की गर्भारपणात आईची प्रतिकारशक्ती झोपी जात असावी. तसं नाही. झोपी गेली असती तर साध्या जखमेनं बाई दगावली असती.

खरी व्यवस्था जास्त चतुर आहे. वारेच्या ज्या पेशी आईच्या रक्तात भिजलेल्या असतात, त्यांच्या अंगावर परकेपणाच्या नेहमीच्या खुणाच नसतात. वारेच्या ज्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात, त्यांनी अवयव जुळवताना डॉक्टर तपासतात त्या खुणांतल्या मुख्य दोन गाळलेल्या असतात, आणि बदल्यात एक खास खूण लावलेली असते, जी बघून आईच्या पेशी शांत राहतात. त्यातही वारेचा बाहेरचा थर म्हणजे असंख्य पेशी एकमेकींत विरघळून झालेला एकच सलग पापुद्रा. त्यात सांधा नाही, म्हणून आईच्या पेशींना सहजी आत शिरायला फट नाही. हा पापुद्रा जुळवणारं प्रथिन आपल्या पूर्वजांना कोट्यवधी वर्षांपूर्वी झालेल्या एका विषाणूच्या लागणीतून आपल्या वारशात आलंय. आजाराची उरलेली खूण आज वार बांधते आहे, हे मला अजूनही नवल वाटतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. गर्भाशयाच्या अस्तरात पहिल्या तीन महिन्यांत ज्या पांढऱ्या पेशी जमतात, त्यांतल्या साठ-सत्तर टक्के एका जातीच्या असतात. त्यांचं शास्त्रातलं नावच ‘नैसर्गिक मारक पेशी’. रक्तात फिरणाऱ्या त्यांच्या बहिणी खरोखर मारतात. गर्भाशयातल्या मात्र मारत नाहीत. त्या वारेला मुळं धरायला मदत करतात. गर्भाशयाच्या नागमोडी धमन्या मुळात अरुंद आणि जाड भिंतीच्या असतात. या पेशी आणि वारेच्या पेशी मिळून त्या भिंती सैल करतात, तोंडं रुंद करतात. मग आईचं रक्त जोराच्या चिळकांडीनं न येता संथ आणि भरपूर येतं. दिवस भरत आले की मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त गर्भाशयाकडे जातं. शाळेच्या पुस्तकात प्रतिकारशक्तीचं चित्र काढतात ते भालाधारी शिपायाचं. गर्भाशयात ते चित्र निकामी ठरतं.

हे काम अर्धवट राहिलं तर? धमन्या अरुंदच राहतात, वार उपाशी राहते, आणि उपाशी वार आईच्या रक्तात अशी प्रथिनं सोडते की आईच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. बीपी १४०/९०च्या वर जातं, लघवीतून प्रथिन जातं, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, आणि वेळेवर आवरलं नाही तर झटके येतात. लोक म्हणतात, सातव्या महिन्यात एकाएकी बीपी वाढलं. एकाएकी नसतं ते. बी चौथ्या-पाचव्या महिन्याच्या आतच पडलेलं असतं. पहिलटकरणीला हा धोका जास्त असतो, कारण नवऱ्याच्या खुणांशी तिच्या शरीराची ओळख नवी असते, असं मानतात. दुसऱ्या खेपेला तो उतरतो, आणि बाप बदलला किंवा मध्ये फार वर्षं गेली तर पुन्हा वाढतो. यात प्रतिकारशक्तीचा हात असावा, असा अंदाज यावरून बांधतात. आधीच्या खेपेला बीपीचा त्रास झालेल्या बाईनं तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांना तसं सांगावं. डॉक्टरांच्या सल्ल्यानं कमी ताकदीची ऍस्पिरिन सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू केलेली सगळ्यात चांगली. आणि दवाखान्यातून मिळालेल्या कॅल्शियमच्या गोळ्या उतरंडीत ठेवायच्या नसतात. खायच्या असतात.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येतो. १९३९ साली अमेरिकेत लेव्हिन आणि स्टेट्सन यांनी एका बाईची हकीकत छापली. तिला मृत मूल झालं, रक्तस्राव झाला, म्हणून नवऱ्याचं रक्त चढवलं. गट जुळत होता, तरी तिला भयंकर प्रतिक्रिया आली. नवऱ्याच्या रक्तात असं काहीतरी होतं जे तिच्या रक्तात नव्हतं, आणि ते तिच्या शरीरानं बाळाकडून आधीच ओळखलं होतं. पुढच्याच वर्षी लँडस्टायनर आणि वीनर यांनी ऱ्हीसस घटक दाखवला. तुमच्या रक्तगटापुढे लिहितात ते ‘पॉझिटिव्ह’, ‘निगेटिव्ह’ म्हणजे हाच घटक. आपल्याकडे शंभरात साधारण पाच जण निगेटिव्ह.

आई निगेटिव्ह आणि बाळ बापावर जाऊन पॉझिटिव्ह, अशी गाठ पडली तरी पहिल्या बाळाला सहसा काही होत नाही. वार शाबूत असते तोवर रक्त फारसं मिसळत नाही. वार सुटताना मात्र बाळाचं थोडं रक्त आईत जातं. चमच्याच्या अंशाइतकंही पुरतं. आईचं शरीर ते परकं म्हणून लक्षात ठेवतं आणि विसरत नाही. पुढच्या खेपेला तिचे प्रतिपिंड, म्हणजे परक्याला ओळखून धरणारी रक्तातली प्रथिनं, वारेतून पलीकडे जातात आणि बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. बाळ पांढरंफटक होतं, अंगावर पाणी सुटतं, कावीळ मेंदूपर्यंत पोचते. म्हणून पहिलं ठणठणीत, दुसरं पिवळं, तिसरं पोटातच. पायगुणाचा इथे काही संबंध नाही.

उपाय सापडला तोही गमतीदार वाटेनं. इंग्लंडात लिव्हरपूलला सिरिल क्लार्क नावाचे डॉक्टर होते, त्यांना फुलपाखरं पाळून त्यांच्या वारशाचा अभ्यास करण्याचा नाद. फुलपाखरांच्या पंखांवरून त्यांचं लक्ष मानवी रक्तगटांकडे वळलं. त्यांच्या गटाला दिसलं की आई ओ गटाची आणि बाळ ए किंवा बी असेल तर ऱ्हीससचा त्रास कमी होतो. कारण बाळाच्या पेशी आईत शिरताच तिच्या आधीच्याच प्रतिपिंडांनी फुटून जातात, शरीराला धडा शिकायला वेळच मिळत नाही. मग रोनाल्ड फिन यांनी सुचवलं, हेच आपण मुद्दाम घडवलं तर? आईला तयार प्रतिपिंड टोचायचे, बाळाच्या पेशी झटकन निकालात काढायच्या. न्यूयॉर्कमध्येही त्याच काळात तेच काम चालू होतं. १९६८ पासून ‘अँटी-डी’ हे इंजेक्शन बाजारात आहे. ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन नावाच्या एका माणसाच्या रक्तात हे प्रतिपिंड भरपूर होते. त्यांनी आयुष्यात ११७३ वेळा रक्तदान केलं. २०२५ साली ते वारले.

अट एकच : धडा शिकण्याआधी टोचलं पाहिजे. २८व्या आठवड्यात एकदा, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. एकदा शरीर शिकलं की हे इंजेक्शन पाण्यासारखं. आणि इथेच आपल्याकडे सगळ्यात मोठी चूक होते. दोन-अडीच महिन्यांचं पोट पडलं, बाईनं कुणाला सांगितलं नाही, किंवा पिशवी साफ करून ती संध्याकाळच्या जीपनं घरी गेली. तेव्हाही इंजेक्शनची गरज असू शकते, गर्भारपणात पोटाला मार लागला किंवा अंगावर गेलं तरीही. ती विचारणा डॉक्टरांना न लाजता करायची.

रक्तगटाचा विषय निघाला की महाराष्ट्राचं एक नाव घ्यावंच लागतं. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक नवा रक्तगट नोंदवला. तोच जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. नेहमीच्या तपासणीत हा गट ओ दिसतो, पण ओचं रक्त चढवलं तर जीव जाऊ शकतो. आपल्या देशात अंदाजे दहा हजारांत एक माणूस या गटाचा. अशा बाईची वार सुटताना रक्त जास्त गेलं, तर तिला त्याच गटाचा दाता लागतो आणि तो ऐनवेळी मिळत नाही. म्हणून रक्ताची पिशवी लावण्याआधी क्रॉसमॅच करतात, म्हणजे दात्याचं आणि रुग्णाचं रक्त जुळवून बघतात. नातेवाइकांनी तेव्हा घाई घाई म्हणून टेक्निशियनच्या डोक्यावर बसू नये.

वारेतून आईचे प्रतिपिंड जातात ते काही फक्त वाईटासाठी नव्हे. ते जातात म्हणूनच जन्मलेलं बाळ पहिले काही महिने तगतं. यातले बहुतेक प्रतिपिंड शेवटच्या महिन्या-दोन महिन्यांत पोचतात, म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेलं बाळ वजनानंच नव्हे, या शिदोरीनंही कमी असतं. धनुर्वाताचं इंजेक्शन आईला देतात ते त्यातून तयार झालेले प्रतिपिंड याच वाटेनं बाळाला पोचावेत म्हणून. विळ्यानं नाळ कापायची, बेंबीवर राख-शेण लावायचं, आणि आठवड्याभरात बाळ आकडी येऊन जायचं, हे इथल्या आज्यांनी बघितलंय. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतात माता-बालकांचा धनुर्वात आटोक्यात आल्याचं जाहीर केलं. त्यात आशाताईंचा आणि सिस्टरांचा वाटा फार मोठा, टाळ्या त्यांच्यासाठी.

साथ आली की गर्भवतींचं काय होतं, याचाही हिशेब आपल्याकडे आहे. करोनाच्या काळात मुंबईच्या परळमधील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेनं राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून गर्भवतींची नोंदवही ठेवली. पहिल्या लाटेतल्या ४२०३ बाधित गर्भवतींपैकी ३४ दगावल्या. मराठवाड्यातल्या ३५१ पैकी चार. मुंबई परिसरात हे प्रमाण शेकडा ०.७, आपल्या मराठवाड्यात १.१. मृत्यूंशी संबंध दिसला तो ऍनिमिया, क्षयरोग आणि मधुमेहाचा. आकडा लहान आहे, त्यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण आपल्या गर्भवतींच्या अंगात रक्त कमी असतं, हे सांगायला साथ यायची गरज नव्हती.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण त्यात लोक जमिनी गहाण टाकतात. वारंवार पोट पडणाऱ्या काही बायकांत स्वतःच्याच शरीराविरुद्धचे प्रतिपिंड सापडतात, त्यानं वारेत गुठळ्या होतात. त्याची रक्ततपासणी आहे, आणि ऍस्पिरिन व हेपॅरिन असा सिद्ध झालेला उपचार आहे. तो जरूर घ्या. पण शहरात काही ठिकाणी नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचण्याचा महागडा उपचार विकला जातो. १९९९ साली त्याची नीट चाचणी झाली, फायदा दिसला नाही. कुणी ‘प्रतिकारशक्ती दाबून बाळ टिकवतो’ म्हणालं तर पुरावा मागा. गर्भाशयातली प्रतिकारशक्ती दाबायची नसते, तीच वारेला मुळं धरायला मदत करते हे तुम्ही आत्ताच ऐकलंत.

आता मागे उभ्या असलेल्या तरुणांना सांगतो. बायकोचा रक्तगट कार्डावर लिहिलेला असतो, तुमचा कुठेच नसतो. तो लग्नाआधीच तपासून घ्या. बायको निगेटिव्ह असली म्हणून सोयरीक मोडायची नाही. कार्डावर लाल शाईनं तेवढं लिहून घ्यायचं आणि सातव्या महिन्याच्या सुरुवातीला दवाखान्यात विचारायचं : अँटी-डी शिल्लक आहे का? सरकारी दवाखान्यात बाळंतपणाची औषधं मोफत आहेत, साठा नसेल तर आठवडाभर आधी कळलं म्हणजे नांदेडहून मागवता येतं. दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची खास तपासणी असते. येत्या ९ तारखेला बायकोसोबत तुम्हीही जा.