शेजारच्या तालुक्याचं न्यायालय



तुम्ही बरेच जण कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहात, म्हणून आज सगळ्यात खालच्या कोर्टाविषयी बोलतो. ग्राम न्यायालय कोणी पाहिलंय? दोनच हात. वाईट वाटून घेऊ नका, वकिली सुरू केल्यावर मलाही ते दिसायला बरीच वर्षं लागली.

2008 चा कायदा, 2 ऑक्टोबर 2009 पासून लागू. कलम 3 म्हणतं, राज्य सरकार एका पंचायत समितीसाठी किंवा लगतच्या काही पंचायत समित्यांसाठी मिळून एक ग्राम न्यायालय स्थापन करू शकतं. 'करू शकतं', 'केलंच पाहिजे' नव्हे. देशभरात हजारो लागतील असा हिशेब असताना पाचशेसुद्धा मंजूर झाली नाहीत, ती याच शब्दामुळे.

पण मी या कायद्याच्या बाजूचा आहे. 1932 साली मुंबईच्या कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी पंचायतीच्या हाती न्यायनिवाडा द्यायला विरोध केला होता. ज्यांच्या शेतावर आपण राबतो, तेच न्यायाला बसणार, तर दाद कुठे मागायची? या कायद्यातला न्यायाधिकारी निवडून आलेला नसतो. उच्च न्यायालयाचा सल्ला घेऊन सरकार त्याला नेमतं, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची पात्रता असलेला. आणि कलम 6 सांगतं, नेमणुकांत अनुसूचित जाती, जमाती आणि महिलांना प्रतिनिधित्व द्यायचं. त्याच्यापुढे येणारे विषय बघा: किमान वेतन, वेठबिगारी, नागरी हक्क संरक्षण कायदा, सामायिक कुरण, विहिरीवर पाणी भरण्याचा हक्क. आपल्या वस्तीचीच यादी आहे ही.

आता गोम कुठे आहे ते सांगतो. न्यायालय दोन तालुक्यांनी वाटून घेतलं की एक जागा कमी होते. पुढे ती एक जागाही भरायची नाही, नेहमीच्या कोर्टातल्या न्यायाधीशाला अतिरिक्त कार्यभार द्यायचा, आठवड्यातून एकदोन दिवस. असं बऱ्याच ठिकाणी चालतं. नवी नेमणूक झालीच नाही, तर कलम 6 कुठे लावणार? प्रतिनिधित्व कोणी नाकारलेलं नसतं, पण त्यासाठीची खुर्चीच उरत नाही. आरक्षणावर रात्रभर वाद घालणारी आपली माणसं हे बघत नाहीत, याचा मला राग येतो.

आणि त्या न्यायाधीशाचं काय होतं? माझ्याकडे एका मावशींचं प्रकरण होतं. वस्तीकडून सार्वजनिक विहिरीकडे जाणारी वाट काटेरी कुंपण घालून बंद केलेली. मार्चमध्ये दावा टाकला. साहेब शेजारच्या तालुक्यातून मंगळवारी यायचे. एका मंगळवारी सुट्टी, एका मंगळवारी त्यांच्या मूळ कोर्टात पुरावा चालू. कलम 9 प्रमाणे न्यायाधिकाऱ्याने वेळोवेळी गावात जाऊन काम चालवायचं असतं, म्हणून वाट डोळ्यांनी बघावी असा अर्ज दिला. साहेब भले गृहस्थ होते. म्हणाले, "वकीलसाहेब, यायला हवं हे मलाही कळतं, पण माझा तिकडचा बोर्ड बघा." खोटं बोलत नव्हते. दोन कोर्टांचे कागद एकाच कारकुनाच्या पिशवीतून ये-जा करायचे.

दिवाणी वादात आधी सलोख्याचा प्रयत्न करणं या न्यायालयाचं कर्तव्य आहे. गावात बसलेल्या न्यायाधिकाऱ्याला कळतं, कोणाच्या 'हो' मागे भीती आहे. मंगळवारपुरता येणाऱ्याला कसं कळावं? मावशींना दोनदा विचारलं गेलं, "मिटवता का?" दोन्ही वेळा कुंपणवाल्याचा भाऊ दारात उभा होता.

पुढची तारीख लागली ती मृगानंतर. विरुद्ध बाजूचे वकील म्हणाले, आता वस्तीवरच्या नाल्याला पाणी आहे, मग तातडी कसली? महाडच्या चवदार तळ्याचा दावा डिसेंबर 1927 मध्ये दाखल झाला आणि उच्च न्यायालयाचा निकाल मार्च 1937 मध्ये लागला. नऊ उन्हाळे. मावशींचे तीन झालेत.

त्या साहेबांची बदली झाली. नव्यांकडेही दोन तालुके आहेत. वाट बघायला यावं म्हणून मी पुन्हा अर्ज टाकलाय, त्यावर एप्रिलच्या पहिल्या मंगळवारची तारीख आहे. तुमच्यापैकी कोणाला यायचं असेल तर सकाळी साडेदहाला तालुक्याच्या एसटी स्टँडवर भेटा. मावशीही तिथेच उतरतात.