पहिल्या पगारापूर्वीचे दोन महिने

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



'तरुण पिढीपुढील आर्थिक प्रश्न' हा विषय संयोजकांनी मला दिला आहे. विषय फार मोठा आहे आणि मी अर्थतज्ज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर असून बँकेत कारकुनी करतो. बेकारी, खाजगीकरण, कंत्राटी भरती आणि आरक्षणाची स्थिती यांवर या व्यासपीठावरून अनेक विद्वानांनी विचार मांडले आहेत. त्यांची पुनरुक्ती मी करणार नाही. काउंटरच्या आतल्या बाजूला बसून जे रोज दिसते, तेवढ्यापुरतेच मी बोलेन. शिक्षण संपते आणि नोकरीचे पत्र हातात पडते, आई पेढे वाटते. तेथपासून पहिला पगार खात्यात जमा होईपर्यंत जो काळ जातो, त्या काळाबद्दल मला आज सांगायचे आहे. हा काळ अवघा दोन महिन्यांचा असला तरी पुष्कळ मुलांची पुढची पाच वर्षे तो ठरवून टाकतो.

आपण हिशेबच करू. आपल्या तालुक्यातल्या एका मुलाला चाकणच्या कारखान्यात कंत्राटदारामार्फत १८,००० रुपयांची नोकरी लागली असे धरा. तो पाच तारखेला रुजू झाला. पगार पुढच्या महिन्याच्या सात ते दहा तारखेच्या दरम्यान होणार. चौघांत एक खोली घ्यायची तर त्याच्या वाट्याचे डिपॉझिट ६,००० आणि भाड्याचे आगाऊ ३,००० रुपये. मेसवाल्याला महिन्याचे ३,००० आधी मोजून द्यावे लागतात. प्रवास, बूट, गादी-बादली आणि कागदपत्रांच्या झेरॉक्स धरून आणखी ३,०००. पगार व्हायच्या आत दुसऱ्या महिन्याचे भाडे दारात उभे राहते, त्याचे ३,०००. सगळे मिळून १८,००० होतात. म्हणजे एक पगार मिळवण्यासाठी एक पगार अगोदर खर्च करावा लागतो. आकडे तुमच्या अनुभवाप्रमाणे थोडे कमी-जास्त करा, निष्कर्ष बदलत नाही.

ज्याचे वडील शिक्षक, तलाठी किंवा बागायतदार आहेत, त्या घरात या १८,००० रुपयांची चर्चासुद्धा होत नाही. ते दिले जातात आणि विसरले जातात. आपल्या बहुसंख्य घरांत ते उभे करावे लागतात. आई बचत गटातून उचलते, कानातले गहाण पडते, नाहीतर गावातला कोणीतरी शेकडा पाच रुपये महिना व्याजाने देतो. १८,००० वर महिना ९०० रुपये व्याज. दहा महिन्यांत ९,००० रुपये गेले, तरी मुद्दल जागच्या जागी. दोन्ही मुले एकाच पदवीची, एकाच यंत्रावर काम करणारी आणि एकाच पगाराची असतात. तरीही एकाला ती नोकरी १८,००० ला पडते आणि दुसऱ्याला २७,००० ला पडूनही कर्ज शिल्लक राहते. विषमता म्हणजे काय, हे मला पुस्तकातून जेवढे कळले नाही तेवढे या आकडेमोडीतून कळले.

अलीकडे मोबाईलवरच्या कर्जाने सावकारालाही मागे टाकले आहे. ५,००० मंजूर करायचे, फीच्या नावाने १,००० आधीच कापायचे, ४,००० हातात द्यायचे आणि पंधरा दिवसांत ५,००० परत मागायचे. पंधरा दिवसांत पंचवीस टक्के! वर्षाचा दर काढला तर तो ६०० टक्क्यांच्या वर जातो. फेडता आले नाही की मोबाईलमधल्या सगळ्या नंबरांवर बदनामीचे संदेश सुटतात. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली याबाबत नियम केले. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या बँक खात्यातच आली पाहिजे, वार्षिक दर आधी लेखी सांगितला पाहिजे, आणि ॲपने तुमच्या मोबाईलमधील संपर्क-यादीला हात लावता कामा नये. परवानगी असलेल्या संस्थांच्या ॲप्सची यादीही रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर २०२५ पासून पाहता येते. जे ॲप या यादीत नाही आणि संपर्क-यादी मागते, ते मोबाईलमधून काढून टाका. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा, लाजू नका. गावच्या सावकाराबाबतही हेच. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे, आणि तक्रार तालुक्याच्या सहकार खात्यातील सहायक निबंधकांकडे करता येते. अर्थात, तक्रार करणाऱ्याला उद्या पुन्हा त्याच दारात जावे लागणार असेल तर तो तक्रार करत नाही, हेही मला ठाऊक आहे.

आता थोडे बाबासाहेबांविषयी. त्यांच्या पदव्यांची यादी आपल्या लहान मुलांनाही पाठ असते. त्या पदव्यांच्या मधल्या काळात त्यांच्या खिशात काय होते, याकडे आपले लक्ष कमी जाते. १९१३ साली ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. १९१७ साली ते नोकरीवर रुजू झाले. वय २६, शिक्षण कोलंबिया आणि लंडनचे, पण बडोद्यात भाड्याने खोली मिळेना. पारशांच्या धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ते मुंबईला परतले. शिकवण्या केल्या, शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देणारी एक लहानशी पेढी काढली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाईक यायचे बंद झाले. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली. चाळीत राहून, काटकसर करून त्यांनी पगारातून पैसे बाजूला टाकले. तेवढ्याने लंडनचे भागणार नव्हते. शाहू महाराजांनी मदत केली, आणि नवल भथेना या पारशी मित्राने ५,००० रुपये कर्जाऊ दिले, तेव्हा १९२० साली ते लंडनला पुन्हा जाऊ शकले. बडोद्याला ज्यांनी काठ्या उगारल्या तेही पारशी, आणि मुंबईत ज्याने पैसे पुढे केले तोही पारशी. माणसे अशी असतात! १९२३ साली डी.एस्सी. मिळाली.

प्रज्ञा बाबासाहेबांची होती, कष्ट त्यांचे होते, त्यात कोणाचा वाटा नाही. तरीसुद्धा बोटीत बसण्यासाठी आरंभीचे पैसे लागले आणि ते वेळेवर देणारा माणूस लागला. आपल्या मुलांना आपण बाबासाहेबांसारखे शिका असे सांगतो. भथेनांसारखे वागा असे आपण मोठ्या माणसांना किती वेळा सांगितले आहे?

आपल्या घरांत हा आरंभीचा पैसा का नाही, याचे कारण तरुणांची उधळपट्टी हे नव्हे. ज्यांच्या आजोबांना जमीन नव्हती आणि गावकीची कामे होती, त्यांच्या घरात पैसा साठणार कोठून? १९५६ साली आपण धम्म स्वीकारला. महाराष्ट्र शासनाने आपल्या अखत्यारीत नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकऱ्यांत आणि योजनांत बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळायला १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे! त्या काळात जे पंचविशीत होते, त्यांची मुले आणि नातवंडे आज या सभागृहात बसली आहेत. म्हणून मोबाईल आणि चहा-नाश्त्यावरून तरुणांना उपदेश करणारी भाषणे मला पटत नाहीत. १८,००० पगारातून ६,००० घरी पाठवणारा मुलगा बचत करत नाही असे म्हणणाऱ्याने आधी त्याचे पासबुक पाहावे.

तथागतांनी गृहस्थाच्या पैशाचा विचार फार वास्तव दृष्टीने केला आहे. अंगुत्तर निकायातील इण सुत्तात दारिद्र्यापासून कर्ज, कर्जापासून व्याज, मग तगादा, मग मागे लागणे आणि शेवटी बंधन, अशी पायरी-पायरीने उतरण सांगितली आहे. बँकेच्या वसुली खात्यात काम केलेल्या माणसाला ती वाचून नवल वाटते, इतकी ती अचूक आहे. दीघ निकायातील कूटदन्त सुत्त तर प्रत्येक संस्थेने वाचावे असे आहे. राज्यातील चोऱ्या-लुटारूपणा शिक्षेने थांबत नाही; शेती करणाऱ्याला बी-बियाणे, व्यापार करणाऱ्याला भांडवल आणि नोकरी करणाऱ्याला वेतन द्यावे, असा सल्ला तेथे राजाला दिला आहे. तेथे कोणी त्या शेतकऱ्याला काटकसरीचा उपदेश करत बसत नाही, आधी बियाणे देतो.

विद्यार्थ्यांसाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पहिली शिष्यवृत्तीची. शिष्यवृत्ती किंवा स्वाधार योजनेचे पैसे आले नाहीत म्हणून मुले कॉलेज आणि समाजकल्याण कार्यालय यांच्यात हेलपाटे घालतात. कधी पैसे खरोखरच अडकलेले असतात, हप्ते उशिरा येतात. मोठ्या शहरात स्वाधारचे वर्षाला ६०,००० रुपये असले तरी घरमालक हप्त्याची वाट पाहत नाही. परंतु कधी कधी पैसे येऊन पडलेले असतात आणि मुलाला पत्ता नसतो. हे पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जातील असे नाही. ज्या खात्याला तुमचे आधार शेवटी जोडले गेले, त्या खात्यात ते जातात. शाळेत असताना उघडलेले, दहा वर्षे न पाहिलेले खाते असेल तर ते तेथे जाऊन बसतात. आधार कोणत्या बँकेला जोडले आहे हे आधारच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत दिसते. अर्ज भरण्यापूर्वी ते पाहा.

दुसरी शैक्षणिक कर्जाची. शिक्षण संपल्यावर एक वर्षाने हप्ता सुरू होतो, एवढेच पालक लक्षात ठेवतात. व्याज पहिल्या दिवसापासून चालू असते, हे कोणी ठळकपणे सांगत नाही. दरवर्षी सुरुवातीला एक लाख असे चार वर्षांत चार लाख उचलले आणि सोयीसाठी दर दहा टक्के धरला, तर शिक्षण संपेपर्यंत एक लाख आणि सवलतीच्या वर्षात आणखी ४०,००० सरळव्याज होते. पहिल्या हप्त्याच्या दिवशी मुलगा ५,४०,००० चा देणेकरी असतो. शक्य असेल त्यांनी शिकत असतानाच निदान व्याज भरत जावे. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम व संस्था अटींत बसत असेल, तर या काळातील व्याज केंद्र सरकार भरते. अर्ज करतानाच बँकेत तसे विचारा आणि लेखी द्या. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जासाठी २०१५ पासून सरकारी हमी निधी आहे. शाखेत कोणी घर किंवा जमीन तारण मागितली तर या निधीचे नाव घेऊन प्रश्न विचारा. विचारणाऱ्याला उत्तर द्यावेच लागते.

स्पर्धा परीक्षांविषयी थोडेच बोलतो, कारण समोर बसलेल्यांपैकी अनेकांना ते दुखेल. मागासवर्गीयांसाठी राज्यसेवेची वयोमर्यादा ४३ आहे. ती परवानगी आहे, मुक्कामाचा पत्ता नव्हे. पुण्यातल्या अभ्यासिकेत किती वर्षे बसायचे आणि कोणाच्या पैशावर, हे घरातल्यांना बरोबर घेऊन पहिल्याच वर्षी ठरवावे.

मुलींचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. चौघांत एक खोली घेऊन कोठेही राहण्याची सोय त्यांना नाही. रात्रपाळी संपल्यावर सुरक्षितपणे पोहोचता येईल अशी जागा महाग असते. त्या जादा दोन-तीन हजारांसाठी आलेली नोकरी सोडून घरी बसलेल्या मुली माझ्या माहितीत आहेत. त्या घरात लग्नासाठी मात्र पैसे ठेवलेले होते.

म्हणून संस्थेपुढे मी एक सूचना ठेवतो. आपण दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करतो, त्याला माझा विरोध नाही. विहाराच्या संगमरवरी फरशीसाठी निधी जमतो आहे, फरशी अवश्य व्हावी. त्यातून किंवा स्वतंत्रपणे तीन लाख रुपये बाजूला काढून एक फिरता निधी करावा. नोकरीचे पत्र घेऊन येणाऱ्या मुला-मुलीला १५,००० रुपये बिनव्याजी द्यावेत. तिसऱ्या महिन्यापासून दरमहा १,५०० असे दहा हप्ते. एका वेळी वीस मुले निघतात, आणि वर्षभरात तेच पैसे पुढच्या विसांसाठी परत येतात. संस्थेच्या घटनेत अशी तरतूद आहे का, नसेल तर काय करावे लागेल, हे आपल्या हिशेब तपासनिसांना आधी विचारून घ्यावे. तोंडी व्यवहार नको, खाते वेगळे, वहीही वेगळी, आणि थकबाकीदाराचे नाव फलकावर लावायचे नाही.

काही ज्येष्ठांनी मघाशी चहाच्या वेळी मला विचारले की मुले पैसे बुडवतील. काही बुडवतील. वीस मुलांपैकी दोघांनी एकही हप्ता दिला नाही तर ३०,००० जातील. मागील वर्षीच्या मंडप आणि ध्वनिक्षेपकाचे बिल कार्यवाहांकडे आहे, ते एकदा या आकड्याशेजारी ठेवून पाहावे. परंतु माझा अनुभव असा की ज्याच्यावर समाजाने विश्वास टाकला तो सहसा बुडवत नाही. उशीर करतो, आणि उशिराचे कारण बहुधा कंत्राटदाराने थकवलेला पगार हे असते. तेव्हा हप्ता चुकला की माणूस पाठवून तगादा लावण्याऐवजी त्याचा पगार झाला का हे विचारण्याची पद्धत ठेवावी. नाही झाला तर संस्थेच्या लेटरहेडवर कामगार कार्यालयाला पत्र द्यावे. एकट्या मुलाच्या अर्जापेक्षा त्या पत्राची दखल लवकर घेतली जाते.

माझ्या एका महिन्याच्या पगाराची रक्कम मी या निधीसाठी कोषाध्यक्षांकडे देत आहे. निधीच्या नियमांचा कच्चा मसुदा टंकलिखित करून आणला आहे, बाहेरच्या टेबलावर त्याच्या प्रती ठेवल्या आहेत. येत्या रविवारी कार्यकारिणीच्या बैठकीत तो चर्चेला येईल. ज्यांना त्यात दुरुस्ती सुचवायची आहे त्यांनी प्रतीवरच लिहून द्यावे, आणि विद्यार्थ्यांनीही लिहावे, कारण खोलीचे डिपॉझिट सध्या किती पडते हे आम्हा घरमालक झालेल्यांपेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे.