मळभ : आभाळातले आणि मनातले



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांच्या वर्गात मी १९६०च्या दशकात बसत असे. आषाढातल्या एका कुंद दुपारी माझे लक्ष फळ्याकडे नव्हते. गुरुजी रागावले नाहीत. जवळ येऊन त्यांनी हळूच विचारले, "बाळ, हे मळभ आभाळातले की मनातले?" घरी वडील अंथरुणाला खिळले होते आणि ते मी कोणाला सांगितले नव्हते. त्या प्रश्नाने मला रडू फुटले. माझे आजचे विवेचन म्हणजे त्याच प्रश्नावरचे भाष्य आहे.

हवेचा शरीरावर आणि चित्तावर परिणाम होतो, हे आपल्या पूर्वजांनी जाणले होते. सरत्या ऋतूचा शेवटचा आणि येणाऱ्या ऋतूचा पहिला आठवडा यांना वाग्भटाने ऋतुसंधी म्हटले आणि त्या काळात आहारविहार हळूहळू बदलण्यास सांगितले. आधुनिक शास्त्रही याला दुजोरा देते. घाम वाळतो तेव्हा शरीर निवते. दमट हवेत तो लवकर वाळत नाही आणि उष्णता आतच कोंडते. १९८४ साली अमेरिकेतील नॉर्मन रोझेन्थाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यातील अपुऱ्या प्रकाशाशी निगडित अशा नैराश्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हवेने होणारा त्रास म्हणजे निव्वळ मनाचे खेळ नव्हेत. २०१५च्या मे महिन्यातील उष्णतेच्या लाटेत देशात दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांतील बहुसंख्य आंध्र प्रदेश व तेलंगणातील होती. ज्याला उन्हातच राबावे लागते, त्याला 'जरा सोसावे' असे सांगणे क्रूरपणाचे आहे.

तथापि दुसरे टोकही तितकेच घातक आहे. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ इटालियन अर्थ 'वाईट हवा'. दलदलीवरच्या दूषित हवेने हा ताप येतो, असे लोक शतकानुशतके मानीत आले. आपल्या या जुळ्या शहरांतील सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात त्या परजीवीची अवस्था दिसली, आणि दोष हवेचा नसून डासाचा आहे हे उलगडू लागले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पावसाळ्याशी या तापाचे नाते खरेच होते, कारण साचलेल्या पाण्यात डास वाढतात. परंतु केवळ हवेला बोल लावून थांबलो असतो, तर खरे कारण कधीच हाती लागले नसते.

मृग नक्षत्र लागले की मत्स्यऔषधासाठी हैदराबादेत दम्याच्या रोग्यांची रीघ लागते. त्या औषधाची उपयुक्तता शास्त्रीय चाचण्यांनी सिद्ध झालेली नाही. पण पावसाच्या तोंडावर दमा उसळतो, हे लोकांचे निरीक्षण मात्र खोटे नाही. निरीक्षण जपावे, उपचार मात्र पारखून घ्यावा.

गुरुजींचा प्रश्न मी स्वतः एकदा विसरलो, हे आज कबूल केले पाहिजे. माझी थोरली बहीण, आमची आक्का, पावसाळ्यात अबोल होत असे. जेवण तुटे, झोप उडे. आम्ही म्हणत असू, "हवाच अशी आहे, आश्विनात ऊन पडले की बरे वाटेल." एका वर्षी ऊन पडले, पण आक्का निवळली नाही. तेव्हा कुठे आम्ही तिला डॉक्टरांकडे नेले. नैराश्याचे निदान झाले, उपचार झाले आणि ती बरी झाली. परंतु आमच्या त्या एका वाक्यापायी तिची दोन वर्षे वाया गेली होती.

म्हणून या विद्यालयातील शिक्षकांना माझी विनंती आहे. उकाड्यात मूल मलूल दिसले, तर आधी पाणी द्या, सावलीत बसवा. आणि आभाळ निवळल्यावरही त्याचा चेहरा निवळला नाही, तर जवळ जाऊन विचारा. माजी विद्यार्थ्यांनी हाच प्रश्न घरातल्या वृद्धांना विचारावा. आभाळ मोकळे होण्याची वाट पाहावी लागते. माणसाची विचारपूस आजच करता येते.